न्यायासन आणि दयासन : मराठी ख्रिस्ती विचारातील ईश्वरी न्याय व दया यांचा समन्वय
(भंडारा-नागपूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

ईश्वर न्यायी असेल तर तो अपराध्याला शिक्षा केल्यावाचून सोडणार नाही, आणि तो दयाळू असेल तर शिक्षेचा आग्रह धरणार नाही. हे दोन्ही गुण एकाच वेळी, एकाच ईश्वराच्या ठिकाणी आणि तेही पूर्णत्वाने असतात असे ख्रिस्ती धर्मशास्त्र मानते. या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न त्या धर्माच्या इतिहासात जवळजवळ प्रत्येक शतकात झालेला दिसतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्मप्रसाराचा इतिहास लिहिताना मात्र अभ्यासकांचे लक्ष शाळा, छापखाने, दवाखाने आणि धर्मांतरितांची संख्या यांवरच प्रामुख्याने केंद्रित झाले. जो विचार या मंडळींनी येथे आणला आणि जो विचार येथील माणसांनी स्वीकारला, नाकारला किंवा बदलून घेतला, त्याचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या विचारापैकी एका प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. भंडारा जिल्हा या कथेच्या केंद्रस्थानी आहे असे म्हणता येणार नाही. पण तिच्या काही महत्त्वाच्या वाटा या जिल्ह्यातून गेल्या आहेत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

पूर्वपीठिका : भांडारेकारांचा प्रदेश

वैनगंगेच्या खोऱ्यात कर्म आणि कृपा यांचा विचार मिशनरी येण्यापूर्वी सहाशे वर्षे चालू होता. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींच्या परिभ्रमणात भंडाऱ्याचा उल्लेख येतो, आणि येथील नीळभट्ट भांडारेकार हे त्यांच्या निष्ठावंत शिष्यांपैकी एक म्हणून लीळाचरित्राच्या वाचकांना परिचित आहेत. महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार स्वतंत्र पदार्थ मानले आहेत. जीवाला त्याच्या कर्माप्रमाणे फळ देण्याचे कार्य देवतांकडे आहे. मोक्ष देण्याचे सामर्थ्य केवळ परमेश्वराकडे आहे, आणि तो ते कृपावश होऊन देतो. म्हणजे न्यायाचा हिशेब ठेवणारी सत्ता एक आणि कृपा करणारी सत्ता दुसरी, अशी ही व्यवस्था आहे.

ही व्यवस्था तार्किकदृष्ट्या अत्यंत सोयीची आहे हे मान्य करावे लागेल. न्याय आणि दया यांचा झगडा एकाच्या अंतःकरणात न होता दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर वाटला जातो. वारकरी परंपरेने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला. तेथे भक्त देवाला त्याच्या पतितपावन या ब्रीदाची आठवण करून देतो, प्रसंगी त्याच्याशी भांडतो आणि ब्रीद सांभाळता येत नसेल तर ते सोडून दे, असेही सुनावतो. तेथे देवाकडे न्याय मागितला जात नाही; त्याच्या नावलौकिकाची हमी मागितली जाते. ख्रिस्ती मताला यांपैकी कोणतीही वाट सहजपणे घेता येण्यासारखी नव्हती. त्या मताप्रमाणे न्यायाधीश आणि तारणारा एकच आहे. म्हणून तेथे हा पेच ईश्वराच्या स्वरूपातच शिरतो.

स्कॉटलंडहून आलेले उत्तर

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांच्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या संस्थेचा जन्म अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १८४३ च्या फुटीतून झाला होता. याच संस्थेने पुढे १८८२ मध्ये भंडारा येथे आपले ठाणे उघडले. या चर्चची श्रद्धा सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रावर आधारलेली होती. त्यातील मांडणी थोडक्यात अशी : मनुष्यजात आदिपापाने दूषित आहे, ईश्वराचा न्याय पापाची पूर्ण भरपाई मागतो, ती भरपाई मनुष्य करू शकत नाही, ख्रिस्ताने आपल्या मरणाने ती केली, आणि तिचा लाभ ज्यांना ईश्वराने आपल्या इच्छेने निवडले त्यांना मिळतो.

या विचारामागे पाचशे वर्षांहून अधिक काळाचा प्रवास होता. कँटरबरीचे आर्चबिशप अँसेल्म यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस ‘ईश्वर मनुष्य का झाला’ या अर्थाचे शीर्षक असलेला लॅटिन ग्रंथ लिहिला. पापाने ईश्वराच्या प्रतिष्ठेला उणेपणा येतो आणि तो भरून काढल्याशिवाय क्षमा करणे म्हणजे अव्यवस्थेला मान्यता देणे होय, असे त्यांचे म्हणणे होते. सरंजामशाही समाजात धन्याच्या प्रतिष्ठेला जे स्थान होते त्याची छाया या मांडणीवर पडली आहे, हे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पुढे धर्मसुधारणेच्या काळात, विशेषतः कॅल्व्हिन यांच्या परंपरेत, प्रतिष्ठेची जागा कायद्याने घेतली. कॅल्व्हिन स्वतः कायद्याचे विद्यार्थी होते. भरपाईऐवजी शिक्षा, आणि अपराध्याच्या जागी निरपराध्याने ती भोगणे, अशी भाषा रूढ झाली. अँसेल्म यांच्यानंतर अल्पावधीतच पीटर आबेलार यांनी ख्रिस्ताच्या मरणाचा परिणाम ईश्वरावर नसून मनुष्याच्या हृदयावर होतो, तेथे प्रेम जागे होते, असा निराळा विचार मांडला होता. पण स्कॉटलंडच्या व्यासपीठांवर त्याला फारसे स्थान नव्हते.

तथापि खुद्द स्कॉटलंडमध्येही हे उत्तर सर्वांना समाधानकारक वाटत नव्हते. जॉन मॅक्लाउड कँबेल या धर्मोपदेशकाने ख्रिस्ताचे मरण निवडक लोकांसाठी नसून सर्वांसाठी आहे असे शिकविले म्हणून १८३१ मध्ये चर्चच्या सर्वसाधारण सभेने त्यांना पदच्युत केले. १८५६ मध्ये त्यांनी आपला विचार ग्रंथरूपाने मांडला. काळ बदलत गेला आणि १८९२ मध्ये फ्री चर्चने एक खुलासापर ठराव संमत केला. ईश्वराचे प्रेम सर्व पापी मनुष्यांवर आहे, बालपणी मृत्यू पावलेली बालके नष्ट होतात असे मानण्याचे बंधन नाही, आणि सुवार्ता ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही त्यांच्यावरही ईश्वर आपल्या इच्छेने दया करू शकतो, असा त्याचा आशय होता. जुन्या मताच्या काही मंडळींना तो इतका असह्य झाला की पुढच्याच वर्षी त्यांनी वेगळे चर्च स्थापन केले.

या घटनेकडे भंडाऱ्याच्या बाजूने पाहण्यासारखे आहे. येथील ठाणे त्या वेळी दहा वर्षांचे होते. ज्या मातृसंस्थेने ते उघडले होते तिनेच, ज्यांनी ख्रिस्ताचे नाव ऐकले नाही अशा माणसांच्या भवितव्याविषयीची आपली भाषा सौम्य केली. तो ठराव एडिंबरोच्या सभागृहात चर्चिला गेला. परंतु ज्यांच्याविषयी तो होता ती माणसे वैनगंगेच्या काठी राहत होती. परदेशांतील मिशनांच्या अनुभवाचा मातृचर्चच्या धर्मविचारावर काय परिणाम झाला, या दृष्टीने हा विषय अधिक अभ्यासला जावा असे वाटते.

नीळकंठशास्त्री गोरे यांचे आक्षेप

मराठी भाषकांपैकी या प्रश्नाला सर्वांत कठोरपणे भिडणारा माणूस महाराष्ट्रात नव्हे, तर काशीत होता. नीळकंठशास्त्री गोरे (१८२५-१८९५) हे बुंदेलखंडात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातील. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती मताचे श्रेष्ठत्व प्रतिपादन केले. त्याला ज्या पंडितांनी संस्कृतात उत्तरे दिली त्यांत गोरे यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ (१८४४-४५) हा ग्रंथ विशेष योग्यतेचा मानला जातो. त्या वेळी त्यांचे वय वीसच्या आसपास होते.

गोरे यांच्या आक्षेपांचा रोख न्यायावरच होता. पूर्वजन्म मानला नाही तर एक मूल आंधळे आणि दुसरे डोळस का जन्मते, एक राजवाड्यात आणि दुसरे उकिरड्याशेजारी का जन्मते, याचे उत्तर काय? पाप न केलेले पशू दुःख का भोगतात? मर्यादित आयुष्यात केलेल्या मर्यादित पापाला अनंत नरक ही शिक्षा कोणत्या न्यायाने योग्य ठरते? ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही त्यांचा अपराध कोणता? या प्रश्नांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कर्मसिद्धान्त कठोर आहे असे मिशनरी म्हणत. गोरे यांच्या दृष्टीने तो ईश्वराला अन्यायाच्या आरोपातून मुक्त करणारा सिद्धान्त होता. फळ देणारा ईश्वर पक्षपाती ठरत नाही, कारण पेरणारा जीव स्वतःच असतो.

याच गोरे यांनी मार्च १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोरे झाले. १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ या ग्रंथात त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन केले. परंतु त्यांच्या जुन्या प्रश्नांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. शाश्वत शिक्षेच्या सिद्धान्ताविषयीच्या शंका त्यांना पुढेही दीर्घकाळ छळत राहिल्या, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. अँग्लिकन पंथातील कॅथलिक वळणाच्या विचारसरणीकडे ते झुकले त्यामागेही अंशतः हेच कारण असावे. स्वतःच्या बुद्धीला जे पेलत नाही ते चर्चच्या परंपरेच्या अधिकारावर सोपवावे, अशी त्यांची मनोवृत्ती बनली होती. मराठी ख्रिस्ती समाजात गोरे यांचा गौरव प्रायः एक विद्वान धर्मांतरित म्हणून होतो. त्यांच्या शंकांचा गौरव झालेला नाही. वास्तविक त्यांच्या उत्तरांपेक्षा त्यांचे प्रश्नच अधिक टिकाऊ ठरले आहेत.

भाषेची अडचण

समन्वयाचा हा प्रश्न मराठीत आणताना भाषांतरकारांपुढे जी संकटे आली ती नुसती शब्दांची नव्हती. ख्रिस्ताच्या मरणासाठी ‘प्रायश्चित्त’ हा शब्द रूढ झाला. धर्मशास्त्राच्या परंपरेत प्रायश्चित्त ज्याने पाप केले त्यानेच घ्यावयाचे असते. कृच्छ्र असो, चांद्रायण असो, देह कर्त्याचाच झिजतो. एकाचे पाप आणि दुसऱ्याचे प्रायश्चित्त ही कल्पना ऐकणाऱ्या शास्त्रीमंडळींना विपरीत वाटली असल्यास नवल नाही. मिशनऱ्यांनी ओळखीचा शब्द निवडला, आणि त्या ओळखीनेच गैरसमजाला जागा करून दिली.

आणखी एक उदाहरण अधिक बोलके आहे. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात न्याय आणि कृपा यांचा समन्वय सर्वांत नेमकेपणाने मांडला आहे. ईश्वर स्वतः न्यायी राहतो आणि पाप्यालाही न्यायी ठरवितो, असा तेथील युक्तिवाद आहे. तेथे जो मूळ ग्रीक शब्द ‘प्रायश्चित्त’ म्हणून मराठीत आला, तोच शब्द यहुदी शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात कराराच्या कोशावरील सोन्याच्या झाकणासाठी वापरलेला आहे. मराठी बायबलमध्ये त्या झाकणाला ‘दयासन’ असे सुंदर नाव आहे. कोशाच्या आत नियमशास्त्राच्या पाट्या, आणि त्यांवर दयेचे आसन. वर्षातून एकदा महायाजक तेथे रक्त शिंपडत असे. ग्रीक वाचकाला पौलाच्या वाक्यात दयासन ऐकू येण्याची शक्यता होती. मराठी वाचकाला तेथे दंडाची भाषा ऐकू येते. एकाच शब्दाचे दोन मराठी शब्द झाले आणि समन्वयाचा दुवा निसटला.

‘खंडणी’ या शब्दाची कथा तर विदर्भातील वाचकाला विशेष कळण्यासारखी आहे. ख्रिस्ताने आपला जीव पुष्कळांसाठी खंडणी म्हणून दिला असे मराठी शुभवर्तमानात म्हटले आहे. ज्या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचे राज्य होते, तेथे खंडणी म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण मग खंडणी घेणारा कोण, असा प्रश्न उभा राहतो. ईश्वर म्हटले तर तो लुटारू ठरतो. सैतान म्हटले तर ईश्वर त्याचा देणेकरी ठरतो. पहिल्या काही शतकांतील ख्रिस्ती आचार्यांनाही हीच अडचण जाणवली होती. आजच्या वर्तमानपत्री मराठीत तर हा शब्द फौजदारी गुन्ह्याचाच वाचक झाला आहे.

नागपूर-राजनांदगाव रेल्वेमार्ग

१८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. कामठी, भंडारा रोड, तुमसर, गोंदिया या स्थानकांवरून जाणारा हा मार्ग. डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे हा प्रसंग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या मनाची पकड घेतली ती प्रायश्चित्ताच्या सिद्धान्ताने नव्हे, तर डोंगरावरील प्रवचनाने. ही बाब साधी दिसते, पण मराठी ख्रिस्ती विचाराच्या पुढील वळणाचे ती मूळ आहे. डोंगरावरील प्रवचनात ईश्वर चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच सूर्य उगवतो आणि सारखाच पाऊस पाडतो. न्यायाच्या तराजूत बसणारे हे वर्तन नव्हे.

टिळकांनी पुढे अभंग आणि ओवी यांतून ख्रिस्ताला माउलीच्या रूपात पाहिले. संतांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. न्यायाधीशाचे रूपक मागे सरले आणि लेकराकडे धावणाऱ्या आईचे रूपक पुढे आले. यामुळे ख्रिस्ती काव्य मराठी झाले यात शंका नाही. तथापि एक प्रश्न विचारावाच लागेल. आई न्याय करीत नाही. मग ज्याच्यावर अन्याय झाला त्याने जावे कोणाकडे? टिळकांच्या काव्यात पश्चात्ताप पावणाऱ्या पाप्याला जागा आहे. ज्याच्याविरुद्ध पाप झाले त्याला तितकी नाही. ही उणीव टिळकांची एकट्याची नाही. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातही बाप धावत जाऊन धाकट्याला मिठी मारतो आणि शेतावरून परतलेला थोरला मुलगा अंगणाबाहेर उभा राहतो. थोरल्याचे पुढे काय झाले हे दृष्टान्त सांगत नाही. यहुदी शास्त्रातील योना संदेष्टाही असाच रागावून शहराबाहेर बसलेला आढळतो. निनवे नगराला ईश्वराने क्षमा केली, हीच त्याची तक्रार आहे.

दुष्काळ आणि कृपा

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दुर्दशा केली. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) पहिल्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन उपासमारीने गांजलेल्या अनेक मुलींना आपल्या आश्रयाला नेले. रमाबाईंनी स्वतः १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली होती. त्यामुळे दुष्काळ हा ईश्वरी न्याय आहे, असे सहजपणे म्हणण्याची सोय त्यांना नव्हती. केडगावच्या मुक्ती सदनाबरोबर त्यांनी जे ‘कृपा सदन’ उभारले ते समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी होते. या नावात एक युक्तिवाद दडलेला आहे. स्त्रीला तिच्या पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणून वैधव्य येते, ही तत्कालीन समजूत न्यायाच्याच भाषेत बोलत होती. रमाबाईंना त्या न्यायापासून सुटका हवी होती. गोरे यांना ज्या कर्मसिद्धान्तात ईश्वराची निर्दोषता दिसली, त्याच सिद्धान्तात रमाबाईंना बालविधवेच्या डोक्यावर ठेवलेला आरोप दिसला. आणि नोंद घेण्याजोगी गोष्ट अशी की, रमाबाईंच्या धर्मांतरावर ज्यांचा प्रभाव पडला त्यांत स्वतः नेहेम्या गोरे हे एक होते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतरही रमाबाईंनी चर्चच्या अधिकाराविषयीचे गोरे यांचे मत मात्र स्वीकारले नाही.

भंडारा पोटनिवडणूक व त्यानंतर

१९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि त्यांचा पराभव झाला. त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीविषयी त्यांनी केलेले लेखन महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आले आहे. त्यातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या गाभ्याला भिडणारा आहे. अस्पृश्य माणसाची अधोगती त्याच्या सभोवतालच्या समाजाने केलेल्या अन्यायामुळे झाली आहे. ख्रिस्ती उपदेश मात्र त्याला सांगतो की ती आदिपापामुळे आहे आणि त्यावर क्षमा हा उपाय आहे. परिणामी ज्याला न्याय मागावयाचा होता त्याला क्षमा मागावयास शिकविले जाते, असा या टीकेचा आशय आहे.

या आक्षेपाला मराठी ख्रिस्ती धर्मविचारात बराच काळ पुरेसे उत्तर मिळाले नाही. दया ही वरून खाली येते. तिच्यात देणारा आणि घेणारा यांची पायरी कायम राहते. न्याय हक्काने मागता येतो. दयाळू मालकापुढे कमरेत वाकण्याचा अनुभव ज्यांच्या अनेक पिढ्यांनी घेतला होता त्यांना ईश्वरही दयाळू मालकच असावा, याचे आकर्षण वाटले नाही. विदर्भातील बहुसंख्य पूर्वास्पृश्यांनी ज्या धम्माचा स्वीकार केला त्यात न्यायनिवाडा करणारा ईश्वर नाही आणि क्षमा करणाराही नाही; करुणा आहे, पण ती माणसाने माणसाविषयी बाळगावयाची आहे.

१९७० च्या दशकानंतर दलित ख्रिस्ती विचारवंतांनी या आव्हानाची दखल घेण्यास आरंभ केला. यहुदी शास्त्रातील आमोस आणि मीखा या संदेष्ट्यांकडे ते वळले. तेथे न्याय म्हणजे पाप्याला दंड नव्हे. गरिबाचे गहाण ठेवलेले वस्त्र परत करणे, खोटी मापे मोडणे, वेशीवरच्या निवाड्यात लाच न खाणे म्हणजे न्याय. हिब्रू भाषेतील न्यायवाचक शब्दात दुर्बलाला त्याच्या जागी पुन्हा उभे करणे हा अर्थ ठळक आहे. हा अर्थ धरला तर न्याय आणि दया यांतील अंतर पुष्कळच कमी होते, कारण नाडलेल्याच्या दृष्टीने त्याला मिळालेला न्याय हीच त्याच्यावर झालेली दया असते. मात्र नाडणाऱ्याच्या बाबतीत ते अंतर शिल्लकच राहते. त्याला क्षमा मिळावयाची तर ती कोणी करावयाची, ईश्वराने की ज्याचे वस्त्र गहाण पडले होते त्याने, याविषयी या विचारवंतांत एकमत झालेले नाही.